शेपटी नुसती लावायची नसते

मागच्या अंकात टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेम्सबद्दल लिहिलं तेव्हा शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की माझा सगळ्यात जास्त जीव कशात असेल तर तो प्राणी होऊन खेळायच्या गेम्समध्ये. त्या एका ओळीवरच इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न: आम्ही घरात चौघं. मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 8 ची आणि आम्ही दोघं. असा गेम कोणीच कधी खेळलेलं नाही, पण मुलांना प्राणी म्हणजे जीव की प्राण. कुठून सुरुवात करू? फार जाड पुस्तक नको.

माउसरिटर घ्या, डोळे झाकून घ्या. आयझॅक विल्यम्स यांचा 2020 चा गेम आहे, सगळे प्लेअर म्हणजे शूर उंदीर. एक जण गेम मास्टर होतो, समोर काय दिसतंय ते तो सांगतो, बाकीचे आपापला उंदीर काय करतो ते सांगतात, आणि जिथे काहीतरी धोका आहे तिथेच फासा टाकायचा. उंदराला मुख्य आकडे तीनच, ताकद, चपळाई आणि मनाची हिंमत. वीस बाजूंचा फासा टाकला आणि आपल्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी आला की जमलं. आठ वर्षांची पोरं हे पाच मिनिटांत शिकतात, मी बघितलंय.

पण मी हा गेम सुचवते तो सोपा आहे एवढ्यासाठी नाही, सामानासाठी सुचवते. प्रत्येक उंदराच्या कागदावर दहा चौकोन छापलेले असतात, दोन पंजांचे, दोन अंगावरचे आणि सहा पाठीवरच्या पिशवीतले. सामानाच्या चिठ्ठ्या असतात, त्या कापून चौकोनांत ठेवायच्या, सुई, दोरी, मशाल, खायचं. आणि भूक लागली, घाबरला, जखम झाली की त्याचीसुद्धा चिठ्ठीच मिळते आणि तीसुद्धा एक चौकोन अडवते. माझ्या टेबलावर एका छोट्या मुलीचा उंदीर घुबडाच्या सावलीला घाबरला, आणि तिचे दहाही चौकोन भरलेले. एका हातात भीतीची चिठ्ठी धरून दुसऱ्या हाताने ती एकेक वस्तू उचलून परत ठेवत होती, मशाल टाकू का दोरी टाकू, आणि मग तिने खाण्याची चिठ्ठी उचलून शेजारच्या पोराच्या कागदावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, हे तू सांभाळ, मला आत्ता भीती सांभाळायचीय. इतकासा जीव जगात काय काय वाहून नेतो हे त्या चिठ्ठीने जसं कळलं तसं मला दहा मिनिटं बोलूनही सांगता आलं नसतं.

पीडीएफ आपल्याला वाटेल ती किंमत देऊन उतरवता येते. चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे लागतील, नसतील तर फोनवर ॲप चालतं, पण मुलांना खरे फासे द्या, हातात खुळखुळवण्यात निम्मी मजा आहे.

प्रश्न: दोन वर्षं डीअँडडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, खेळतोय. आमच्या ग्रुपमध्ये एक टॅबॅक्सी आहे म्हणजे मांजर-माणूस, आणि एक हॅरेंगॉन, म्हणजे ससा. खरं सांगू का, कान आणि शेपटी काढली तर दोघं माणसंच आहेत. मग प्राण्यांचा वेगळा गेम घेऊन असं काय वेगळं मिळणार?

या पत्राची मी वाटच बघत होते, कारण मुद्दा तुम्ही अगदी बरोबर पकडलाय. हॅरेंगॉनला लढाईत पहिला नंबर लागायला मदत मिळते, लांब उडी मिळते, आणि तिथे ससेपणा संपतो. सशासारखं घाबरायचं काही कारणच त्याला मिळत नाही. मग ते माणूसच होतं, फक्त चित्र वेगळं.

खरं तर हा प्रश्न फार पहिल्यापासून सुटलेला आहे. डीअँडडी आला 1974 साली आणि 1976 मध्येच बनीज अँड बरोज आला, डेनिस सस्टेअर आणि स्कॉट रॉबिन्सन यांचा. त्यात सगळे प्लेअर साधे ससे, कपडे नाहीत, तलवारी नाहीत. तुम्ही पाला-मुळं ओळखणारा हर्बलिस्ट व्हायचं नाहीतर गोष्टी सांगणारा स्टोरीटेलर, नाहीतर पुढचं दिसणारा सीअर. आणि सगळ्यात भयानक राक्षस कोण, तर माणूस, कारण तो काय विचार करतो हे सशाला कधी कळूच शकत नाही. शरीर बदललं की जगातला राक्षससुद्धा बदलतो, हे त्यांना पन्नास वर्षांपूर्वी सुचलं होतं. पुढे 1985 मध्ये एरिक वुजसिक यांनी निंजा कासवांचा जो गेम केला त्यात तर प्राणी किती टक्के माणूस होणार हेच प्लेअरने पॉइंट खर्चून ठरवायचं, हात हवेत का, दोन पायांवर उभं राहायचं का, बोलता यायला हवं का, आणि प्रत्येक ठिकाणी अजिबात नाही, अर्धवट किंवा पूर्ण असे तीन पर्याय. पूर्ण बोलणं घेतलं की हातांना पॉइंट उरत नाहीत, तिथे बसून पोरं तासभर भांडतात आणि भांडता भांडता आपला प्राणी कोण आहे ते त्यांना कळतं.

पण मला विचाराल तर याचं सगळ्यात सुंदर उत्तर माउस गार्डमध्ये आहे, ल्यूक क्रेन यांचा 2008 चा गेम, डेव्हिड पीटरसन यांच्या कॉमिकवरचा, उंदरांच्या वस्त्या राखणाऱ्या उंदरांच्याच दलाचा, म्हणजे गार्डचा. त्यात प्रत्येक उंदराला नेचर नावाचा एक आकडा असतो, म्हणजे तुमच्यात उंदीरपण किती शिल्लक आहे. पळणं, चढणं, लपणं, खाणं शोधणं ही उंदराची कामं, ती करताना नेचर सरळ कामाला येतं. उंदीर सहसा करणार नाही असं काहीतरी करताना पण तुम्ही नेचरचे फासे जास्तीचे घेऊ शकता, फक्त मग काम जमलं तरी नेचर एकाने उतरतं, आणि फसलं तर जितक्याने फसलं तितकं उतरतं.

माझ्या टेबलावर घडलेलं सांगते. पावसानंतरची वाट, तीन गार्ड उंदीर, आणि पुढे साप. सगळ्यात अनुभवी उंदराला कपारीत शिरून सहज लपता आलं असतं, नेचर 4 होतं त्याचं, पण सगळ्यात लहान उंदीर मोकळ्यावर अडकलेला होता. प्लेअर म्हणाला मी सापासमोर उभा राहतो. मी विचारलं, नेचर लावणार? त्याने फासे हातात घेतले आणि बराच वेळ टाकलेच नाहीत. खोलीत कोणी काही बोलेना. टाकले, जमलं, लहान उंदीर वाचला, आणि मग त्याने खोडरबर घेऊन 4 खोडला आणि 3 लिहिला. काही जखम नव्हती, रक्त नव्हतं, तो उंदीर फक्त थोडासा कमी उंदीर झाला होता. नेचर शून्यावर गेलं तर तो उंदीर पूर्वीचा राहत नाही, आणि उलट ते 7 झालं तर उंदीरपणच जिंकतं आणि त्याला गार्ड सोडावी लागते. म्हणजे सगळं आयुष्य या दोन टोकांच्या मधे कुठेतरी तोल सांभाळायचा. ही गोष्ट माणसाची शेपटी लावलेली आवृत्ती घेऊन सांगताच येणार नाही.

डीअँडडी सोडायला मी सांगत नाहीये. तिथेच खेळायचं असेल तर हंबलवूड नावाचं सेटिंग आहे, पक्षी आणि छोट्या प्राण्यांचं जंगल, नियम तुमच्या ओळखीचे. पण मग गेम मास्टरला एक विनंती करा, प्रत्येक सेशनमध्ये एक तरी अडचण अशी आणा की जी फक्त सशाला अडचण वाटेल.

प्रश्न: आमच्यात एक कोल्हा आहे आणि एक ससा. तिसऱ्या सेशनला कोणीतरी विचारलं, हा कोल्हा खातो काय? सगळे गप्प. त्यानंतर सशाची प्लेअर जरा नाराजच आहे. काय करायचं होतं?

हे पहिल्या सेशनच्या आधी बोलायचं होतं, पण आत्ताही उशीर झालेला नाही, पुढच्या वेळी खेळायच्या आधी अर्धा तास फक्त याच्यावर बसा. एकच प्रश्न नीट सोडवायचा, या जगात बोलणारे कोण आणि न बोलणारे कोण. एकदा ही रेघ मारली की कोल्ह्याचं पोट कसं भरतं ते आपोआप ठरतं.

वेगवेगळ्या गेम्सनी ही रेघ वेगवेगळ्या ठिकाणी मारलीय. वॉन्डरहोममध्ये सगळे केसाळ-पिसाळ प्राणी माणसांसारखे राहतात आणि किडे ही त्यांची गुरंढोरं, तिथला मेंढपाळ चक्क भुंगे-मधमाश्या राखतो. रूटमध्ये कोल्हे, ससे, उंदीर एकाच वस्तीत शेजारी राहतात आणि भांडण कोणी कोणाला खाण्यावरून नसतं, जंगलावर राज्य कोणाचं यावरून असतं, मांजरांचं सैन्य आलंय, पक्ष्यांचं जुनं घराणं परत हक्क सांगतंय, आणि तुम्ही मधले भटके. तिथे कोल्हा घेतला म्हणून कुठला आकडा वाढत नाही, तुमचं काम काय, चोर का कारागीर, त्यावर सगळं. याउलट माउस गार्डमध्ये वीझल, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी, आणि साप उंदराला खातात आणि ते लपवलेलंच नाही. आयर्नक्लॉ मधे तर प्रत्येक प्राण्याच्या प्रजातीला स्वतःचा फासा असतो, चार बाजूंपासून बारा बाजूंपर्यंत, म्हणजे तुमच्यात कोल्हेपण किती भिनलंय ते तुम्ही स्वतः ठरवता.

तुमच्या ग्रुपला यातलं काय झेपतं ते विचारा आणि सशाच्या प्लेअरला आधी बोलू द्या, तिचं ऐकून घ्या, कारण भीती तिच्या वाट्याला येणार आहे. टेबलाच्या मधोमध एक कार्ड ठेवायची पद्धत आहे, त्यावर फुली, कोणालाही एखादा प्रसंग नको झाला की कार्डाला हात लावायचा आणि तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. एक्स-कार्ड म्हणतात त्याला. प्राण्यांच्या गेममध्ये ते जास्त लागतं असा माझा अनुभव आहे, कारण चित्र गोंडस असतं म्हणून सगळे बेसावध बसलेले असतात.

आणि एक बारीकसं, आपण ज्याला सरसकट कोल्हा म्हणतो त्या इंग्रजी पुस्तकांतल्या प्राण्याला मराठीत खरं तर खोकड म्हणतात. खोकड मुख्यतः उंदीर, किडे, पडलेली फळं असलं काहीबाही खातं. तुमचा कोल्हा जर खोकड असेल तर त्याला फळं आणि किड्यांवर जगवणं अगदी खोटं वाटणार नाही.

प्रश्न: मला आवाज काढता येत नाहीत. उंदीर चिरक्या आवाजात बोलला पाहिजे ना?

अजिबात नाही. "माझा उंदीर म्हणतो की तो येणार नाही" असं साध्या आवाजात सांगितलं तरी ते रोलप्लेच आहे. आवाजापेक्षा अंग वापरा, बोलायच्या आधी क्षणभर थांबून नाक हलवलं, मान वळवून मागे बघितलं, एवढ्याने समोरच्याला उंदीर दिसतो.

प्रश्न: मी नववीत आहे. लहान भाऊ आणि त्याच्या मित्रांसाठी मी गेम मास्टर झाले, माउसरिटरच खेळलो. दुसऱ्याच दिवशी भावाचा उंदीर मांजराने मारला. तो खूप रडला आणि आता खेळत नाही म्हणतोय. मी चुकले का? नियमाप्रमाणेच केलं होतं.

तू नियम पाळलेस आणि तरी तुला हा प्रश्न पडला, म्हणजे तू चांगली गेम मास्टर होणार आहेस. माझ्याकडूनही हेच झालंय. माझ्या पहिल्या गेममध्ये मी दार उघडलं आणि दारामागे मांजर, दहा मिनिटांत दोन उंदीर गेले, आणि ज्यांचे गेले त्यातली एक परत कधी खेळायला आली नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी एक पाळते, मांजर दिसायच्या आधी मांजराचा वास येऊ द्यायचा. आधी वाटेत केसांचा पुंजका, मग मातीत पंजाचा ठसा ज्यात अख्खा उंदीर मावेल, मग पक्षी अचानक गप्प होतात, आणि मग सुद्धा मांजर झोपलेलं असावं. या गेममध्ये मारलेला फटका चुकत नाही, लागतोच, म्हणून लढाई सुरू होणं हाच मोठा धोका आहे आणि तो पोरांना आधी दिसला पाहिजे म्हणजे मग पळायचं, फसवायचं, का मांजराशी बोलून बघायचं हे त्यांना ठरवता येतं. सगळं समोर दिसत असताना ठरवून केलेल्या धाडसात उंदीर मेला तर पोरं रडतात पण परत खेळायला येतात, कारण तो त्यांचा निर्णय असतो.

भावाला सांग की चूक माझी होती, ठसे दाखवायला हवे होते. मग त्याला नवीन उंदीर करू दे आणि हा नवीन उंदीर त्या जुन्याची सुई शोधत निघालाय असं सुचव. त्याला मरण नकोच असेल तर काही दिवस वॉन्डरहोम खेळा, जे ड्रॅगन यांचा 2021 चा गेम आहे. त्यात फासे नाहीत, लढाई नाही, गेम मास्टर असलाच पाहिजे असंही नाही. आपली आवडती वस्तू कोणाला देऊन टाकली, किंवा थांबून आजूबाजूचं जग किती सुंदर आहे ते सांगितलं, की टोकन मिळतं, आणि ते टोकन कोणाचं दुःख हलकं करायला खर्च करायचं. तुला पण जरा बसून खेळायला मिळेल, नुसतं चालवत राहायला लागणार नाही.

प्रश्न: आमच्याकडे उंदीर-घुशी नेहमी चोर, घुबड नेहमी शहाणं, लांडगा नेहमी दुष्ट. आता कंटाळा आलाय.

कंटाळा आला हे बरं झालं, कारण हे मला नुसतं कंटाळवाणं वाटत नाही, खटकतं. लहानपणापासून गोष्टींतून ऐकलेलं असतं म्हणून पहिल्यांदा तेच सुचतं, त्यात चूक नाही. पण कोण कुठल्या बिळात जन्मला यावरून तो चोर का साव हे ठरवणारं जग पोरांसमोर मांडताना मी दहादा विचार करेन. शरीर घ्या, स्वभाव घेऊ नका. घुशीचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच राहतात, म्हणून तिला सारखं काहीतरी कुरतडावं लागतं, मग ती सुतार का नसावी, लाकडावर कोरीव काम करणारी? घुबडाचे डोळे खोबणीत हलत नाहीत, काही बघायचं तर अख्खी मान फिरवावी लागते, म्हणून लोकांना ते गंभीर आणि शहाणं वाटतं, आणि बिचाऱ्याला फक्त समोरचं नीट बघायचं असतं, आणि आपण शहाणे नाही हे त्याने कोणाला सांगितलेलंच नाही. असं एक घुबड माझ्या गेममध्ये वर्षभर न्यायाधीश होतं आणि त्याच्या प्लेअरने उघडं पडायची धास्ती इतकी खरी खेळली की सगळ्यांना त्याची माया लागली.

पगमायर बघा जमलं तर, एडी वेब यांचा. माणसं केव्हाच नाहीशी झालीत आणि कुत्र्यांनी मागे राहिलेल्या खुणांवरून धर्म केलाय, त्याची पहिली आज्ञा म्हणजे चांगला कुत्रा हो. आता चांगला म्हणजे काय यावर प्रत्येक कुत्र्याचं मत वेगळं.

प्रश्न: आम्ही सगळे पन्नाशीतले, महिन्यातून एक संध्याकाळ मिळते. वाचायला वेळ नाही. प्राणी हवेत.

हनी हाइस्ट. ग्रँट हॉविट यांचा, 2017 चा, अख्खा गेम एका पानावर. तुम्ही अस्वलं आहात आणि मधाची चोरी करायचीय. आकडे दोनच, अस्वल आणि गुन्हेगार, दोन्ही 3 पासून सुरू. प्लॅन फसला की एक पॉइंट गुन्हेगारातून अस्वलात जातो, जमला की उलटा. अस्वल 6 झालं की तुम्ही बेभान, गुन्हेगार 6 झाला की साथीदारांना दगा. एका संध्याकाळीत पुरा होतो. बघा म्हणजे, माउस गार्डमधल्या नेचरचीच गोष्ट आहे, फक्त इथे हसता हसता होते.

प्रश्न: पुढच्या आठवड्यात पहिल्यांदा खेळतेय. ससा घेऊ की खार, ठरतच नाहीये.

जो प्राणी तू जास्त वेळ नुसता बसून बघितला असशील तो घे. दोन्ही सारखेच बघितले असतील तर हे वाच. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, वरचं मागचं सगळं, पण नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही, तिथलं त्याला वासाने आणि मिशांनी कळतं. आणि धोका दिसला की तो ओरडत नाही, मागचा पाय जमिनीवर आपटतो. खार दाणे पुरून ठेवते, आणि कोणी बघतंय असं वाटलं तर खड्डा करून खोटंच पुरल्यासारखं करते आणि दाणा तोंडातच ठेवून दुसरीकडे निघून जाते.

आता पहिल्या सेशनला कोणीतरी अनोळखी पाहुणा तुझ्या अगदी नाकासमोर येऊन उभा राहील असं गृहीत धर. ससा असशील तर तो तुला दिसणारच नाही. खार असशील तर तोंडात आधीच काहीतरी असेल. यातलं कुठलं वाचून लगेच पुढे काय होईल असं डोक्यात आलं, ते कागदावर लिही आणि जा खेळायला.